पत्र्याचे छप्पर: कोल्हापूरच्या घरमालकांचे प्रश्न आणि आजवरची उत्तरे

मे महिन्यात कोल्हापुरातल्या फॅब्रिकेटरला उसंत नसते. वळवाच्या पहिल्या वाऱ्यात कुणाचा पत्रा उडालेला असतो, कुणाची गच्ची गेल्या पावसात गळलेली असते आणि मृग लागायच्या आत छप्पर उरकायची सगळ्यांनाच घाई असते. या घाईत घरमालक जे विचारतो ते जवळजवळ ठरलेले आहे. पत्रा किती वर्षे टिकेल? तापेल का? पावसात आवाज किती होईल? गळेल का, उडेल का, वीज पडेल का? आणि स्लॅबपेक्षा तो खरेच परवडतो का? उत्तरे मात्र माणसागणिक बदलतात. विक्रेता एक सांगतो, गवंडी दुसरे, इंजिनिअर तिसरे. यातले काय ठामपणे म्हणता येते, मतभेद कुठे आहेत आणि काय अजून सुटलेले नाही, याचा हा आढावा.

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यात छपराचा आकार पावसाने ठरवला. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास आणि शिरोळ तालुक्यात साधारण पाचशे. पश्चिमेकडच्या गावांत म्हणून तीव्र उताराची गवताची आणि खापरी कौलांची छपरे होती, तर पूर्वेकडे सपाट माळवदे आणि धाबी. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि तिथले साच्यातले चपटे कौल पश्चिम किनाऱ्यावर व घाटमाथ्यावर पसरले. गावोगावच्या कुंभारी कौलांची जागा हळूहळू ‘मंगलोरी’ने घेतली.

पन्हळी पत्रा त्याहून जुना. लंडनमध्ये हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. लोखंडावर जस्ताचा थर चढवण्याचे फ्रान्समधले पेटंट १८३७ चे. या दोन शोधांच्या जोडीतून हलका, वाहून न्यायला सोपा आणि लवकर न गंजणारा पत्रा तयार झाला. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाल्यावर असा माल शहरात आणणे आणखी सोपे झाले. पुढे सिमेंटचा पत्रा आला आणि त्यानंतर आरसीसी स्लॅब. ‘पक्के घर’ म्हणजे स्लॅबचे घर, हे समीकरण त्यातून रुजले. पत्रा गोठ्यावर, गुऱ्हाळावर, कारखान्याच्या शेडवर आणि ऐपत नसलेल्याच्या घरावर राहिला.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत रंगीत पत्र्याने हे चित्र बदलले. आज तो बंगल्याच्या गच्चीवर, मंगल कार्यालयावर आणि जुन्या वाड्याची कौले उतरवून त्या जागीही दिसतो. शासकीय आकडेवारी मात्र हा बदल नीट टिपत नाही. २०११ च्या जनगणनेत जस्ताचा पत्रा, इतर धातूचा पत्रा आणि अॅस्बेस्टॉस सिमेंटचा पत्रा एकाच रकान्यात मोजले आहेत. टिकाऊपणा, उष्णता आणि आरोग्य या तिन्ही बाबतींत ही छपरे एकमेकांपासून फार वेगळी आहेत.

तीन मते

पहिले मत स्लॅबवाल्यांचे. स्लॅब एकदा घातला की वाऱ्याची भीती नाही, चोराची नाही, वर मजला चढवता येतो आणि घराला किंमत येते. पूरपट्ट्यात त्याला आणखी एक आधार आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी कितीतरी मागे टाकली. प्रयाग चिखली, आंबेवाडी किंवा शिरोळकडच्या गावांत पाणी घरात शिरते तेव्हा माणसाला चढून बसायला गच्ची लागते. पत्र्यावर तो आसरा मिळत नाही.

दुसरे मत पत्र्यावाल्यांचे. काम आठवड्यात होते, भिंतींवर भार पडत नाही, पुढे बदल करायचा तर पत्रा काढून पुन्हा वापरता येतो. वजनाचा मुद्दा खरा आहे. पाच इंची स्लॅब चौरस फुटाला २९ किलोच्या आसपास भरतो, रिपांसह मंगलोरी कौल सहा किलोच्या आसपास आणि पत्रा जेमतेम अर्धा किलो. १९६७ चा कोयनेचा भूकंप या भागाने अनुभवला आहे. १९९३ मध्ये किल्लारीत दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदे माणसांच्या अंगावर आली. भूकंपात हलके छप्पर कमी जीवघेणे ठरते, याबद्दल अभियंत्यांत दुमत नाही.

तिसरे मत कौलवाल्यांचे. ते आज संख्येने थोडे आहेत. कौलांच्या फटींतून हवा खेळते, खाली माळा असला की ऊन खोलीत उतरत नाही, फुटलेले कौल एकटे बदलता येते. अडचण आहे ती लाकडाची आणि माणसांची. सागवानी वासे परवडत नाहीत आणि पावसाळ्याआधी कौले चाळणारे हात कमी झाले आहेत. काहींनी यावर लोखंडी सांगाड्यावर कौले बसवण्याचा मध्यम मार्ग काढला आहे.

किती टिकेल?

दुकानात ग्राहक जाडी विचारतो. आयुष्य ठरते ते पोलादावरच्या थरावर. जस्ताचा थर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला किती ग्रॅम, असा मोजतात. १२० ग्रॅमच्या पत्र्यावर एका बाजूला साधारण आठ मायक्रॉन जस्त असते, २७५ ग्रॅमच्या पत्र्यावर एकोणीस. समुद्रापासून दूर, मध्यम दमट हवेत वर्षाला एक मायक्रॉनच्या आसपास जस्त झिजते असे धरले, तर पहिला पत्रा आठेक वर्षांत उघडा पडतो आणि दुसरा जवळजवळ वीस वर्षे तग धरतो. दिसायला दोन्ही सारखेच चकचकीत असतात.

१९७० च्या दशकात अॅल्युमिनियम आणि जस्ताच्या मिश्रणाचा थर बाजारात आला. त्यात ५५ टक्के अॅल्युमिनियम असते. तेवढ्याच जाडीच्या शुद्ध जस्तापेक्षा तो बराच अधिक टिकतो. आजचे बहुतेक चांगले रंगीत पत्रे याच थरावर रंग चढवून बनतात. ‘एझेड १५०’ म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम थर. अशा पत्र्यासाठी आयएस १५९६१, साध्या जस्ताच्या पत्र्यासाठी आयएस २७७ आणि जस्तावर रंग दिलेल्या पत्र्यासाठी आयएस १४२४६ ही मानके आहेत.

जाडीतही मेख आहे. ०.५० चा पत्रा म्हणून जो मिळतो, तो कधी नुसत्या पोलादाचा आकडा असतो, तर कधी थर आणि रंग धरून. दुसऱ्या प्रकारात मूळ पोलाद त्याहून पातळ निघते. दोन दुकानांतल्या भावातला फरक पुष्कळदा इथेच असतो.

हा मिश्र थर सगळीकडे चालतो असे मात्र नाही. गोठ्यातल्या शेण-मुताच्या वाफेतला अमोनिया त्याला सोसत नाही. ओले सिमेंट किंवा चुना लागला तरी तो खराब होतो. सोलर वॉटर हीटरच्या तांब्याच्या नळीतून पाणी ठिबकत राहिले, तर त्या वाटेवर पत्रा लवकर सडतो. ग्राइंडरने कापताना उडालेला लोखंडी कीस तसाच राहिला की पहिल्याच पावसात तांबूस ठिपके पडतात. साखर कारखान्यांच्या परिसरात छपरावर बसणारी राख आणि पन्हळीत कुजणारा पाला ओल धरून ठेवतो. वर्षातून एकदा छप्पर धुणे हा खर्च नाही, पण ते होताना क्वचित दिसते.

तापेल का?

तापतो, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो उपायांचा. पत्रा पातळ असल्याने उष्णता साठवत नाही. ऊन पडले की मिनिटांत तापतो, सूर्य कलला की तितक्याच लवकर निवतो. स्लॅब उलट वागतो. दिवसभर उष्णता पितो आणि मध्यरात्रीपर्यंत खोलीत सोडत राहतो. कोल्हापूरची उन्हाळी रात्र विदर्भातल्यासारखी रटरटती नसते. त्यामुळे रात्री निजण्याच्या खोलीचा विचार केला तर पत्रा वाटतो तितका मागे पडत नाही. दुपारी घरात असणाऱ्या बाईमाणसांचा, म्हाताऱ्यांचा आणि लेकरांचा विचार केला तर तो नक्कीच मागे पडतो.

चकचकीत पत्रा ऊन परत फेकतो म्हणून थंड राहतो, हा समज अर्धाच खरा. धातूचा उघडा पृष्ठभाग ऊन परावर्तित करतो, पण आत शिरलेली उष्णता बाहेर सोडण्यात तो कच्चा आहे. पांढरा रंग दोन्ही कामे चांगली करतो. अहमदाबादने २०१७ मध्ये गरीब वस्त्यांच्या छपरांना पांढरा लेप देण्याचा कार्यक्रम घेतला आणि तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे स्वतंत्र धोरण आणले, ते याच तत्त्वावर. कोल्हापुरात मात्र अजूनही विटकरी, निळा आणि हिरवा हेच रंग पसंत पडतात. पांढरा लवकर मळतो, ही त्यावरची तक्रार रास्त आहे. मळलेला पांढरा किती काम करतो, यावर जाणकारांची मते वेगवेगळी आहेत.

पत्र्याखाली अॅल्युमिनियम फॉइलचा बुडबुड्यांचा थर घालण्याची पद्धत वाढली आहे. तो चकाकत्या बाजूला हवेची पोकळी ठेवली तरच नीट काम करतो, पत्र्याला घट्ट चिकटवला तर गुण बराच जातो. दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले पफ पॅनेल सर्वांत परिणामकारक आणि तितकेच महाग. फॉल्स सीलिंग मधला मार्ग आहे, पण वरची कोंडलेली गरम हवा बाहेर जायला मगरीपाशी वाट हवी. आपले जुने माळे हेच काम करत होते.

आवाज आणि गळती

आषाढात पत्र्याखाली शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, हे कुणी नाकारत नाही. थेंब आपटला की पत्रा थरथरतो आणि आवाज होतो. म्हणून पत्र्याला टेकलेला काचलोकरीचा किंवा फोमचा थर थरथर दाबतो, तर खालचे बंद सीलिंग आवाज अडवते. दोन्ही केले तर फरक ठळक जाणवतो. खोलीत झोपायचे किंवा मुलांनी अभ्यास करायचा असेल, तर हा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा लागतो. गॅरेज किंवा पडवी असेल तर लोक आवाज चालवून घेतात.

गळतीच्या तक्रारीत पत्रा स्वतः क्वचित दोषी असतो. पाणी येते ते स्क्रूच्या भोकातून, दोन पत्र्यांच्या जोडातून आणि पत्रा जिथे भिंतीला भिडतो तिथून. उन्हात पत्रा वाढतो, रात्री आकसतो. वीस फुटी पोलादी पत्रा ४० अंशांच्या फरकाने सुमारे तीन मिलिमीटर लांबतो, अॅल्युमिनियमचा त्याच्या दुप्पट. ही ओढाताण रोज स्क्रूवर येते. हलका रबरी वायसर तीन-चार उन्हाळ्यांत तडकतो, चांगला ईपीडीएम वायसर अधिक काळ चिकटून राहतो. स्क्रू फार आवळला तर वायसर चेपून फाटतो, सैल ठेवला तर पाणी शिरते.

स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मारावा की खोलगट भागात, हा कारागिरांमधला जुना वाद आहे. उंचवट्यावर मारला तर पाणी भोकापर्यंत येत नाही, ही आपल्याकडची पद्धत. खोलगट भागात मारला तर पत्रा पर्लिनला, म्हणजे खालच्या आडव्या आधाराला, थेट बसतो आणि वाऱ्याला दाद देत नाही, हा अमेरिकेतल्या बऱ्याच कारागिरांचा युक्तिवाद. घाटमाथ्याच्या पावसात पहिली पद्धत सोडावी, असे सांगणारा इथे कुणी भेटत नाही.

जोडाची दिशा मात्र वादातीत आहे. आपला पावसाळी वारा पश्चिमेचा. म्हणून पत्रे पूर्वेच्या टोकापासून बसवत पश्चिमेकडे यावे, म्हणजे जोडाचे उघडे तोंड वाऱ्याच्या पाठीला राहते. उतारही तालुक्यानुसार हवा. शिरोळला दहा फुटाला एक फूट चालून जाईल. राधानगरी-गगनबावड्याकडे दोन फूट किंवा त्याहून अधिक हवा. थंडीच्या पहाटे पत्र्याच्या खालच्या अंगाला दव धरून ठिबकते, ते पुष्कळदा गळती समजले जाते. तिथे डांबर फासून उपयोग नाही, स्वयंपाकघरातली वाफ बाहेर काढावी लागते.

वारा आणि वीज

पत्र्याचा हलकेपणा भूकंपात गुण आणि वळवात दोष ठरतो. भारतीय मानकाप्रमाणे पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरतात. या वेगाला वाऱ्याचा साधा दाब चौरस फुटाला साडेआठ किलोच्या घरात जातो. पत्र्याचे वजन अर्धा किलो. म्हणजे पत्रा जागेवर राहतो तो केवळ बांधणीच्या जोरावर. जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीत हे हजारो घरांवर दाखवून दिले. छपराच्या कडा आणि कोपरे वारा सर्वांत जोराने उचलतो, म्हणून तिथे स्क्रू दाट हवेत आणि पर्लिन जवळ हव्यात. पर्लिन कैचीला, कैची खांबाला आणि खांब पायाला तितकाच घट्ट धरलेला हवा. पत्र्यावर दगड किंवा वाळूची पोती ठेवण्याची रीत अजून आहे. वादळात तेच दगड खाली येतात.

पत्र्याने वीज ओढली जाते, हा समज मात्र टिकत नाही. वीज कुठे पडेल हे उंची, मोकळी जागा आणि भोवतालची झाडे-इमारती ठरवतात. ०.५ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा, भोक पडले तरी चालणार असेल, तर आंतरराष्ट्रीय मानकानुसार वीज झेलणारा भाग म्हणून वापरता येतो. त्यासाठी तो नीट जमिनीशी जोडलेला असला पाहिजे. खरा धोका रोजच्या विजेचा आहे. सर्व्हिस वायरचे आवरण पत्र्याच्या कडेला घासून जाते, प्रवाह पत्र्यात आणि तिथून कपडे वाळत घालायच्या तारेत उतरतो. अर्थिंग आणि प्रवाह गळताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हे उपाय पत्र्याच्या खर्चापुढे किरकोळ आहेत.

गच्चीवरची शेड, सोलर आणि सिमेंटचा पत्रा

शहरात सध्या सर्वाधिक चर्चेचा प्रश्न गळणाऱ्या गच्चीवर शेड मारण्याचा आहे. घरमालकांचा अनुभव असा की गळती थांबते, स्लॅब तापत नाही, कपडे वाळतात, बारसे-वाढदिवसही होतात. अभियंत्यांचा आक्षेप असा की आत गंजू लागलेल्या सळया शेडने बऱ्या होत नाहीत, फक्त नजरेआड होतात. शिवाय खांबांसाठी स्लॅबला पाडलेली भोके नवी गळती उघडतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आधी स्लॅबची दुरुस्ती, मग खालच्या कॉलमवरच शेडचे खांब, या क्रमावर दोघांचे एकमत होऊ शकते. चारही बाजूंनी उघडी शेड वाऱ्याला सर्वांत नाजूक, कारण वारा तिला खालून ढकलतो आणि वरून ओढतो. परवानगीचा प्रश्नही आहेच. पावसाळ्यापुरते आच्छादन आणि कायमची शेड यांत नियम फरक करतात, म्हणून काम सुरू करण्याआधी महापालिकेत किंवा नगरपालिकेत विचारलेले बरे.

सोलरने यात भर घातली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटपर्यंतच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पॅनेलची हमी सहसा २५ वर्षांची असते. खालचा पत्रा दहा वर्षांत बदलावा लागणार असेल तर आधी पत्रा बदलणे शहाणपणाचे.

जुना सिमेंटचा पत्रा काढणाऱ्यांसाठी प्रश्न आरोग्याचा आहे. अॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगाला कारण ठरतात, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. पांढरे अॅस्बेस्टॉस सिमेंटमध्ये घट्ट बांधलेले असल्याने नियंत्रित वापर सुरक्षित आहे, असे उद्योगाचे म्हणणे. अनेक देशांनी त्यावर बंदी घातली, भारतात ते आयात होऊन पत्रे बनतातच. वापराबद्दल मतभेद असले तरी काढण्याच्या पद्धतीबद्दल नाहीत. पत्रा फोडायचा नाही, कापायचा नाही, ओला करून अखंड उतरवायचा. त्याचे तुकडे रस्त्याच्या खड्ड्यात भर म्हणून टाकण्याची पद्धत थांबली पाहिजे.

काय सुटलेले नाही

तीन गोष्टी अजून अधांतरी आहेत. रंगीत पत्र्याची हमी आणि त्याचे खरे आयुष्य यांत किती अंतर आहे, हे कळायला घाटाखालची आणि माथ्यावरची छपरे वर्षानुवर्षे नोंदीत ठेवायला हवीत. हमीपत्रातल्या अटी मात्र विक्रीच्या वेळी कुणी वाचून दाखवत नाही. उष्णतेचे उपाय विकताना पत्र्याचे तापमान सांगितले जाते, खोलीतल्या माणसाला दुपारी तीन वाजता काय जाणवते ते नाही. आणि पूर, वारा, ऊन या तिन्हींना एकदम पुरे पडणारे, मध्यम उत्पन्नाच्या घराला परवडणारे छप्पर कोणते, यावर स्लॅब आणि पत्रा यांची जोड देण्याचे प्रयोग सुरू असले तरी एकमत नाही.

जे सुटले आहे त्याचा उपयोग घरमालकाने आजच करावा. पत्र्याच्या खालच्या अंगाला छापलेली जाडी, थराचे ग्रॅम आणि आयएसआय चिन्ह वाचावे. अंदाजपत्रकात सांगाड्याचे लोखंड किलोवर, पत्रा फुटावर, तर स्क्रू, वायसर, भिंतीकडची पट्टी आणि पन्हळ वेगवेगळे लिहून मागावेत. घर पूररेषेत असेल तर निदान एका खोलीवर स्लॅब ठेवावा. आणि काम मृगाच्या तोंडावर काढण्याऐवजी दिवाळीनंतर काढावे, तेव्हा कारागिराला वेळ असतो आणि दर बोलता येतो.